मागून आणलेली फांदी

एका जंगलाच्या काठाला, जिथे दाट झाडी संपून खडकाळ माळ सुरू होतो तिथे, एक साळिंदर राहत असे. आता साळिंदर म्हटलं की बागा करणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. कंद उकरायचे, मुळं कुरतडायची, खोडाची साल सोलायची, हा त्याचा पिढीजात उद्योग. पण हे साळिंदर वेगळ्याच मातीचं होतं. त्याने आपल्या बिळापुढच्या अंगणात चक्क फुलबाग केली होती. दारात जास्वंद, तिच्या बाजूला तगर, मागच्या खडकावर चढवलेली मधुमालती आणि मधोमध मोगरा. अंगावरून गळलेले काटे ते वाया जाऊ देत नसे. कुठे त्यांचं कुंपण केलेलं होतं, तर कुठे वाकलेल्या फांदीला त्यांचाच टेकू दिलेला होता. स्वभावही जरा काटेरीच होता म्हणा. चार शब्द बोलायचे असले तर त्यातले तीन ते गिळून टाकायचं.

चैत्र सरून वैशाख लागला की त्या बागेला बहर येई. सगळं रान तेव्हा करपलेलं असायचं. पळस फुलून झालेला, ओढा आटून दोन-चार डबक्यांवर आलेला, पायाखालचा पाचोळा पापडासारखा मोडणारा. आणि अशा दिवसांत तो मोगरा टपोऱ्या कळ्यांनी भरून जायचा. ऊन कललं की साळिंदर बेलफळाच्या करवंटीतून झऱ्याचं पाणी आणायचं, अंगणात शिंपडायचं, झाडांना घालायचं आणि मग सपाट दगडावर पाय पसरून बसायचं. हळूहळू कळ्या उमलत. ओल्या मातीचा वास आणि मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळून अंगणभर पसरे. शेजारीपाजारी येऊन बसत. खार मधुमालतीच्या खडकावर बसायची, ससा जास्वंदीच्या सावलीत, आणि सरडा कुंपणावर. त्याची धाव कुठपर्यंत असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोणी फार बोलत नसे. मला विचाराल तर दिवसभर सोसलेलं ऊन त्या एका घटकेत भरून निघायचं.

पण या मंडळींची एक गंमत होती. त्या रानात फांदी मागायची पद्धत नव्हती. फांदी चोरायची! "मागून आणलेली फांदी मरते, चोरून आणलेली जगते," असं तिथले जुनेजाणते सांगत. आणि जुन्याजाणत्यांचं बोलणं तपासून बघायचं नसतं, असंही तेच सांगत. पुरावा विचाराल तर प्रत्येकाच्या दारात चोरून आणलेली सदाफुली होती. आता सदाफुली उकिरड्यावर फेकली तरी फुलते, पण हे लक्षात कोण घेतो?

चोरीलाही रीतभात होती बरं का. दुपारची जेवणं आटोपली की ज्याच्या बागेतली फांदी हवी असेल त्याच्या दाराशी जायचं. पावलांची चाहूल लागली की घरमालकाने ताबडतोब वामकुक्षी सुरू करायची. पाहुण्याने फांदी तोडायची. घरमालकाने त्या वेळी जरा मोठ्याने घोरायचं, म्हणजे फांदी मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकूच आला नाही असं होतं. संध्याकाळी दोघं समोरासमोर आली की हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. साळिंदराला हे सोंग फार छान जमे. त्याची जातच मुळात दिवसा झोपणारी. बागेच्या वेडापायी हे बापडं जागं राहायचं, एवढंच.

तर दर वैशाखात साळिंदराच्या दुपारी अशा घोरण्यात जात. खार यायची आणि कळ्यांनी लगडलेला एखादा शेंडा कुरतडून न्यायची. मग ससा यायचा. न्यायचे ते नेमका कोवळा, हिरवागार, फुललेला शेंडा, कारण डोळ्यांत भरायचा तोच. घरी नेऊन तो भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा दारासमोर खोचायचा. मूळ फुटलं का म्हणून रोज सकाळी उपटून बघायचा. थोड्याच दिवसांत शेंडा मान टाकायचा. "चोरी नीट साधली नाही. काकांनी एक डोळा उघडला असणार," असं म्हणून खार पुढच्या वर्षी पुन्हा हजर!

इकडे साळिंदर डोळे मिटून पडलेलं असायचं आणि आतल्या आत त्याचा जीव तळमळायचा. अगं, शेंडा नको, खालची जून फांदी ने! आत्ता उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात ने! पण झोपलेल्याने बोलायचं कसं? घोरता घोरता काही सल्ला देता येत नाही.

तळमळायला कारणही तसंच होतं. त्या अख्ख्या रानात मोगरा तो एवढाच. साळिंदराच्या पणजोबांनी तो डोंगरापलीकडच्या कुठल्याशा बागेतून आणला होता. चोरून, हे वेगळं सांगायला नको. आता त्याचा बुंधा म्हातारा झाला होता आणि त्याला वाळवी लागली होती. साळिंदराने कडुनिंबाचा पाला घातला, बुडाची माती बदलली, पण बुंध्यावर टिचकी मारली की आतून पोकळ आवाज येई. हा आता फार दिवसांचा सोबती नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. तो गेला की रानातून मोगराच गेला. मग वैशाखातल्या संध्याकाळी बसायचं कशाजवळ?

स्वतःच एखादी फांदी वेगळी लावावी, तर आपल्याच बागेत चोरी करायची कशी? एकदा त्याने तसा प्रयत्नही केला होता. इकडेतिकडे बघत, चोरपावलांनी जाऊन स्वतःच्याच मोगऱ्याची फांदी तोडली. पण फांदी हातात आली तरी मनाला काही पटेना. शेवटी त्याने ती तशीच टाकून दिली. हसू नका. लहानपणापासून कानावर पडलेलं असं सहजासहजी सुटत नाही. मांजर आडवं गेलं की दोन मिनिटं थांबणारं कोणीतरी तुमच्याही घरात असेलच.

त्या वर्षी वैशाखातच ओढ्यापलीकडच्या कपारीत एक चिचुंद्री राहायला आली. कुठल्या तरी दूरच्या गावकुसाकडून आली होती. तिची पिल्लं एकमेकांची शेपटी तोंडात धरून तिच्यामागून ओळीने चालायची, ती वळली की सगळी ओळ वळायची. चिचुंद्रीला डोळ्यांनी फार कमी दिसतं. तिचा सगळा कारभार नाकावर. आणि दैव बघा कसं, वास घेण्यात एवढी हुशार असलेल्या या जिवाच्या स्वतःच्या अंगाला मात्र उग्र दर्प. तिच्या दारावरून जाताना सगळे पटापट पाय उचलत. कोणी घटकाभर थांबून "कशी आहेस?" म्हणून विचारत नसे. तिला ते कळत होतं आणि वाईटही वाटत होतं.

एका संध्याकाळी साळिंदराच्या अंगणात सगळे नेहमीसारखे बसले असताना चिचुंद्री कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. तिचं लांबुळकं नाक सारखं हलत होतं. खारीने आपली झुबकेदार शेपटी हळूच नाकावर घेतली.

"मंडळी, हा वास कशाचा हो?" चिचुंद्रीने विचारलं.

"मोगऱ्याचा," ससा म्हणाला आणि जरा लांब सरकून बसला.

"किती सुंदर आहे! ओढ्याच्या पलीकडून या वासामागे चालत आले मी. या घरचे काका कुठे आहेत?"

"हा काय मी," साळिंदर गुरगुरलं.

"काका, मला याची एक फांदी द्याल का?"

सरडा मान हलवायचा थांबला, आणि तो थांबला म्हणजे प्रकरण खरोखरच गंभीर. खारीला तर काय करावं ते सुचेना. ती खडकावरून सरसर खाली आली.

"अगं बाई, असं तोंडावर मागतं का कोणी?"

"मग कसं मागतात?"

"मागतच नाहीत! दुपारी काका झोपलेले असतात, तेव्हा यायचं आणि गुपचूप तोडून न्यायची. मागितलेली फांदी जगत नाही, एवढंही ठाऊक नाही तुला?"

चिचुंद्री विचारात पडली. "पण ताई, मला धड दिसत नाही. मोगरा समजून मी जास्वंदच तोडायचे. आणि अंधुक डोळ्यांनी चालताना झोपलेल्या काकांवर पाय पडला तर?"

साळिंदराच्या अंगावर चुकून पाय पडणं म्हणजे काय, हे सशाला अनुभवाने माहीत होतं. त्याने नकळत आपला पाय चोळला.

"शिवाय नुसती फांदी नेऊन मी करू काय?" चिचुंद्री पुढे म्हणाली. "ती लावायची कशी, उन्हात ठेवायची का सावलीत, पाणी किती घालायचं, मला काहीसुद्धा येत नाही. ते काकांनाच विचारावं लागणार. आधी चोरी करून मग विचारायला कोणत्या तोंडाने येऊ?"

साळिंदर दगडावर ताठ बसलं. लावायची कशी! इतक्या वर्षांत, इतक्या चोऱ्यांत, हा प्रश्न त्याला एकदाही कोणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर तर त्याच्या घशाशी कधीपासून येऊन थांबलं होतं. त्याला एवढा आनंद झाला की बोलायला शब्द फुटेनात, आणि सवयीप्रमाणे पुढचं सगळं गिळून ते एवढंच म्हणालं, "आत्ता नाही."

"बघ, मी सांगितलं नव्हतं?" खार म्हणाली.

चिचुंद्रीची मान खाली गेली. ती वळली, तिच्यामागची ओळही वळली. तेव्हा साळिंदर घाईघाईने दगडावरून खाली उतरलं. गिळलेले शब्द परत वर आणायला त्याला बरेच कष्ट पडले.

"अगं, थांब. नाही म्हणजे तसं नाही. आत्ता ती फुलात आहे. फुलातली फांदी मूळ धरत नाही. पावसाळा लागू दे, मग ये."

"येईन काका," चिचुंद्री म्हणाली आणि गेली.

"गोड बोलून वाटेला लावलं तिला," ससा कुजबुजला. सरड्याने मान हलवली. त्या दिवसांत खारीने दुपारी येऊन नेहमीसारखा एक शेंडा नेला आणि तो नेहमीसारखाच वाळला.

पावसाला सुरुवात होऊन माती चांगली भिजली आणि एक दिवस चिचुंद्री खरंच येऊन उभी राहिली. साळिंदर वाटच बघत होतं. त्याने मोगऱ्याच्या खालच्या अंगाची एक फांदी निवडली. दिसायला अगदीच सामान्य, तपकिरी, फुलाचा पत्ता नाही.

"हिला हात लावून बघ. तुझ्या शेपटीएवढी जाड हवी आणि अशी टणक. हिरवी, लुसलुशीत दिसली की भुलायचं नाही. आता खालची पानं काढून टाक, वर दोनच राहू देत. आणि तिरकी खोच, सावलीत."

"पाणी?"

"माती ओली हवी, चिखल नको. बोटभर खाली सुकली असेल तरच घाल. आणि हे नीट ऐक. मूळ फुटलं का म्हणून रोज उपटून बघायचं नाही!"

शेवटचं वाक्य त्याने झाडावर बसलेल्या खारीकडे बघत जरा मोठ्याने म्हटलं. खारीने मान दुसरीकडे वळवली. ती सशाला म्हणाली, "फांदी फुकट गेली. डोळ्यांदेखत, भर उजेडात, मागून दिलेली! कसली जगते?" खरं सांगायचं तर साळिंदरालाही मनातून धाकधूक होतीच. पण चिचुंद्री फांदी तोंडात धरून निघाली आणि तिच्यामागे पिल्लांची ओळ निघाली, तेव्हा ते ओढ्यापर्यंत त्यांच्याकडे बघत उभं राहिलं.

थोड्या दिवसांनी चिचुंद्री परत आली. "काका, एक पान पिवळं पडलं."

"पडू दे. दुसरं कसं आहे?"

"हिरवं आहे."

"मग घरी जा."

पुन्हा काही दिवसांनी आली. "काका, फांदीच्या बगलेत काहीतरी टोचतंय. कीड आहे का?"

"वेडे, तो कोंब आहे!" साळिंदर ओरडलं आणि त्याचे सगळे काटे आनंदाने उभे राहिले. चिचुंद्री बिचारी घाबरून दोन पावलं मागे सरली.

मग असं येणं-जाणं सुरूच राहिलं. कधी मुंग्या लागल्या, कधी पानं सुरकुतली, कधी पिल्लांनी रोपाभोवती धुडगूस घातला. प्रत्येक वेळी ती विचारायला यायची आणि प्रत्येक वेळी साळिंदर सांगायचं. आधी एका शब्दात, मग एका वाक्यात, पुढे पुढे तर पणजोबांच्या गोष्टींसकट. तिच्या अंगाच्या दर्पाचं त्याला काही वाटेनासं झालं. दोन दिवस ती फिरकली नाही तर ते कुंपणाशी येऊन ओढ्याकडे बघत बसायचं. त्याला तिची सवय झाली होती, आणि ही सवय त्याला आवडत होती.

थंडी पडली तेव्हा साळिंदराने तिला बोलावून सांगितलं, "आता पाणी तोड. आणि पानं उतरव."

"म्हणजे काढून टाकू? सगळी?"

"सगळी. झाडाला जरा विसावा मिळाला पाहिजे. मोगरा असा निजला नाही तर नुसता पाला धरतो, फूल धरत नाही."

एवढं जपून वाढवलेलं रोप! चिचुंद्रीने एकेक पान काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. खार आणि ससा मुद्दाम बघायला आले. "जगत होती ती पण आता मारली," खार म्हणाली. "मागून आणलेली फांदी, शेवटी गुणावर गेलीच." सरड्याने खारीकडे बघून मान हलवली. मग चिचुंद्री म्हणाली, "काकांनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार," तेव्हा त्याने तिच्याकडे बघूनही मान हलवली.

आणि मग फाल्गुनात ते झालं. एका दुपारी माळावरून मोठी वावटळ आली. साळिंदर बिळातून बाहेर येऊन बघतं, तर म्हातारा मोगरा बुंध्यापासून मोडून आडवा झालेला. बुंध्याला हात लावला तर आतून नुसता भुगा निघाला. चोरी-बिरी सगळं विसरून त्याने घाईघाईने त्याच्या चार फांद्या खोचून पाहिल्या, पण त्या आतूनच वाळून गेल्या होत्या. चोरून लावल्या काय आणि मागून लावल्या काय, वाळक्या काडीला मूळ फुटत नाही. साळिंदर त्या दिवशी जेवलं नाही. संध्याकाळी दगडावरही बसलं नाही.

शेजारी येऊन दुरूनच बघून गेले. आपण नेलेले सगळे शेंडे खारीला त्या दिवशी आठवले. तिने घरी आलेल्या कोणालाही तोंड दाखवलं नाही.

चिचुंद्रीला मात्र यातलं काहीच कळलं नाही. ती आली तेव्हा अंधुक डोळ्यांना मोगऱ्याची जागा रिकामी दिसली नाही, आणि फाल्गुनात मोगऱ्याला वास कुठला असायला? "काका, आता काय करू?" तिने विचारलं.

"आता पाणी सुरू कर," साळिंदर बिळाच्या आतूनच म्हणालं. "भरपूर घाल. पाचोळ्याचं खत घाल." मोगरा पडल्याचं तिला सांगायचं त्याच्याच काय, शेजाऱ्यांच्याही जिवावर आलं. पूर्वीसारखं साळिंदर पुन्हा शब्द गिळायला लागलं होतं.

चैत्र गेला, वैशाख लागला. जास्वंद फुलली, मधुमालतीचे घोस खडकावरून खाली आले. पण साळिंदर पाणी घालायचं ते आपलं कर्तव्य म्हणून, आणि ऊन कललं की आत जाऊन पडायचं. शेजारीही अंगणात येईनासे झाले. बाग बहरली होती, पण बघायला कोणी नाही, आणि ज्याची बाग त्यालाही तिच्याकडे बघवत नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी वारा फिरला. साळिंदर बिळात पडलं होतं. अचानक त्याने नाक वर केलं. आधी त्याला वाटलं, आपल्या मनाचे खेळ. पण वाऱ्याची दुसरी झुळूक आली आणि तो वास पुन्हा आला, दाट, गोड, ओल्या मातीत मिसळलेला. साळिंदर उठलं. वासामागे चालत आटलेला ओढा ओलांडून पलीकडे गेलं.

कपारीपुढच्या एवढ्याशा अंगणात मोगऱ्याचं रोप उभं होतं. फार मोठं नव्हतं, पण पानापानाआड कळ्या होत्या, काही उमलल्या होत्या. आणि सभोवती सगळी मंडळी बसली होती! तिच्या दारावरून जाताना पाय उचलणारा ससा मजेत पाय पसरून बसला होता. खारीची शेपटी नाकावर नव्हती. चिचुंद्रीचा दर्प काही गेला नव्हता, पण एकदा कोणाच्या अंगणात बसलं की असल्या गोष्टींचं फारसं काही वाटत नाही. चिचुंद्री रोपाच्या बुडाशी बसून नुसता वास घेत होती, आणि तिची पिल्लं तिला बिलगून निजली होती.

साळिंदर अंगणाच्या कडेला उभं राहिलं. त्याला बघताच खारीने सशाला कोपराने ढोसलं. त्याला काय हवं आहे ते सगळ्यांना कळलं होतं. ससा लगेच आडवा झाला आणि घोरू लागला. खारीने डोळे घट्ट मिटून घेतले. सरड्याने एक डोळा मिटला. दुसरा मिटायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. काकांना सुखाने चोरी करता यावी म्हणून त्या संध्याकाळी अख्ख्या अंगणाने वामकुक्षी सुरू केली. बिचाऱ्यांच्या मनात माया होती, आणि ती दाखवायची त्यांना दुसरी रीत येत नव्हती.

साळिंदर पुढे झालं. फांदी हाताशी होती. चिचुंद्रीला दिसलंही नसतं. त्याने हात उचलला, आणि तसाच थांबवला. ते फुललेलं झाड त्याच्यासमोर उभं होतं. हे चोरीने आलं नव्हतं. हात खाली घेऊन त्याने घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच मागायचं होतं, त्यामुळे आवाज जरा घोगरा निघाला.

"पोरी, मला याची एक फांदी देशील का?"

चिचुंद्री दचकली. "काका, तुम्ही? पण तुमच्याकडे तर केवढा मोठा..."

"पडला गं. फाल्गुनातच पडला."

सशाचं घोरणं थांबलं. चिचुंद्री उठून साळिंदराच्या जवळ आली, अगदी काट्यांना नाक लागेल इतक्या जवळ.

"देईन की काका," ती म्हणाली. "पण आत्ता नाही. आत्ता ती फुलात आहे. पावसाळा लागू दे, मग या. माझ्या शेपटीएवढी जाड, टणक बघून देईन. तिरकी खोचायची, सावलीत. आणि काका, मूळ फुटलं का म्हणून रोज उपटून बघायचं नाही हं!"

साळिंदर हसलं. इतकं हसलं की त्याचे काटे खळखळ वाजले आणि झोपलेले सगळे उठून बसले. पिल्लंही जागी होऊन इकडेतिकडे शेपट्या शोधू लागली. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

जरा वेळाने खार पुढे आली. ती जमिनीकडे बघत होती. "चिचुंद्रीबाई, पावसाळ्यात मलाही एक द्याल का? आणि लावायची कशी तेही सांगा. मी आजवर पुष्कळ मारल्यात."

"ते काकांना विचारा," चिचुंद्री म्हणाली. "मलाही त्यांनीच शिकवलं."

सरड्याने जोरजोरात मान हलवली, आणि या खेपेला ती कशासाठी हलवायची ते त्याला ठाऊक होतं.

"बसा," साळिंदर म्हणालं, "जरा लांबलचक आहे." आणि ते मोगऱ्याशेजारी पाय पसरून बसलं. सगळे त्याच्या भोवती सरकले. ऊन उतरलं होतं, माती गार झाली होती, एकेक कळी उमलत होती, आणि साळिंदर बोलत होतं, एकही शब्द न गिळता.

तात्पर्य : गुपचूप नेलेली फांदी एकटीच जाते, तोंड उघडून मागितलेल्या फांदीबरोबर ती जगवायची रीतही मिळते. म्हणून घेणाऱ्याने मागायला लाजू नये, आणि देणाऱ्याने झोपेचं सोंग घेऊ नये.